डावा खांदा

लागी: बूट दाराबाहेर काढ. सहा दिवस परक्या गावात काय राहिलास, घरची रीत विसरलास होय रे?

केन्यन: नाही आंटी, बसणार नव्हतो मी. सामान घ्यायला आलोय फक्त. खोलीतल्या दोन बॅगा आणि तो टीव्ही. गाडी चालूच ठेवलीय बाहेर.

लागी: मग बंद करून ये. पेट्रोल काय नळाला येतं? ताट वाढलंय तुझं.

केन्यन: माझं? मी येणार हे तुम्हाला कसं कळलं?

लागी: सकाळी सेफोच्या फोनवर आलं, त्या लोकांनी तुला काढून टाकलं म्हणून. मी म्हटलं, आता पोरगं सामान न्यायला येईल आणि उपाशीच येईल.

केन्यन: सेफो घरी आहे?

सेफो: कुठे जाणार? इथेच आहे, कोचावर. हात गळ्यात बांधलाय. पाय शाबूत आहेत, पण सध्या कुठून बोलावणं नाही.

केन्यन: कसा आहे खांदा?

सेफो: हाडापासून सुटलाय म्हणे. शुक्रवारी कापणार. हे वर्ष तर गेलंच. पुढच्या वर्षाचं कुणी बोलत नाही.

लागी: शुभ बोल जरा. केन, बस तू. अळूच्या पानांत नारळाचं दूध घालून केलंय, तुला आवडतं तसं. मागच्या बुधवारी याच स्वयंपाकघरात नाचला होतास, आठवतंय? तो फोन आला तेव्हा?

केन्यन: आठवतंय, आंटी.

लागी: मी तर रविवारी चर्चमध्ये उभी राहून सांगितलं सगळ्यांना. म्हटलं, माझं दुसरं पोरगं. तीन वर्षं सराव संघात राबला. दर आठवड्याला पुढच्या सामन्यातल्या समोरच्या संघातल्या कुणाचा तरी नंबर घालून आमच्या सेफोच्या अंगावर धावायचा, आणि सामन्याच्या दिवशी साध्या कपड्यांत. आता त्याच्या पाठीवर त्याचं नाव आलं. योगायोग बघा म्हटलं, पहिलाच सामना नेमका आमच्याशी.

सेफो: योगायोग नव्हता तो, आई.

लागी: म्हणजे?

सेफो: रविवारी आमच्याशी सामना. बुधवारी आमच्या सरावातला गडी उचलला. आज मंगळवारी सोडून दिला. त्याला पायांसाठी नेलं नव्हतं. तोंडासाठी नेलं होतं.

केन्यन: सेफो, मी काही—

सेफो: सगळेच करतात. इशारे विचारतात, डाव विचारतात. आमच्या प्रशिक्षकांना ठाऊक असतं, ते गुरुवारी सगळं बदलून टाकतात. जेव तू.

लागी: असं होय. मला नाही बाई कळत तुमचं हे अमेरिकन फुटबॉल. मी आपली बघते याला कुणी पाडत नाही ना तेवढं. चार वर्षं लोक मला सांगतायत, तुमच्या मुलाकडे बघायचं नसतं, चेंडूकडे बघायचं असतं. मला काय करायचाय चेंडू? तो फेकणाऱ्या पोराच्या पाठीला कुणी शिवू नये म्हणून हा तिथे भिंतीसारखा उभा. मी भिंतीकडेच बघणार.

सेफो: भिंत पडली.

लागी: पडली नाही, पाडली. बघितलं की मी. तो समोरचा दांडगा सारखा डाव्या खांद्यावरच येत होता. पहिल्यांदा वाटलं, लागलं असेल. दुसऱ्यांदा तिथेच. तिसऱ्यांदा हात धरून खालीच ओढला. त्याला कसं कळलं, केन? त्या दुखऱ्या खांद्याला तेल मी दार लावून चोळत होते. संघाच्या डॉक्टरलासुद्धा पत्ता नव्हता. कळलं असतं तर याला बसवलं असतं आणि त्या कोल्बीला उभं केलं असतं.

सेफो: नशीब असतं, आई. एखाद्याचा हात बसतो तिथे.

लागी: तीनदा? कोल्बीच काल आला होता भेटायला. आता तोच खेळणार याच्या जागी. गुणी आहे हो, फुलं घेऊन आला. चटईवर बस म्हटलं तर बसता येईना बिचाऱ्याला, उजवा पाय सरळच ठेवून बसला. मग खुर्ची दिली. म्हणाला, आंटी, कुणाला बोलू नका. काय तुम्ही पोरं, सगळी मोडकी आणि सगळी गप्प. अरे, घास का थांबला?

केन्यन: पुरे, आंटी. वाढू नका.

लागी: तू तर तिथेच होतास, त्यांच्या बाकावर. त्या दांडग्याला म्हणायचं ना, बाबा रे, त्या मुलाच्या घरी राहतो मी, डावीकडे जरा जपून.

सेफो: आई, पाणी आण मला.

लागी: समोर आहे तुझ्या.

केन्यन: मी सांगितलं, आंटी. त्याचा डावा खांदा गेलाय, तिथे मारा. मी सांगितलं.

लागी: काय म्हणालास?

केन्यन: पहिल्या दिवशी मला मैदान दाखवलंच नाही. खोलीत नेलं. चौघे बसले होते. इशारे विचारले, सांगितले. डाव विचारले, सांगितले. एकजण म्हणाला, हे सगळं आम्हाला ठाऊक आहे, तुझ्याकडे आणखी काय आहे? दुसरा घड्याळ बघत होता. मी... माझ्याकडे दुसरं काही नव्हतं.

लागी: सेफो, तुला ठाऊक होतं?

सेफो: पहिल्या धडकेलाच कळलं. या खांद्याची माहिती जगात तिघांना. तू सांगणार नाहीस, मी सांगणार नाही.

लागी: आणि तरी मला नशीब म्हणून सांगतोस? याच्यापुढे बसून?

सेफो: तुझं ताट होतं त्याच्यापुढे. म्हटलं, जेवून जाऊ दे.

केन्यन: मोठा आलास. जेवून जाऊ दे म्हणे. सांग ना आता आंटीला, ऑगस्टपासून मी काय केलं. एकदा तरी गेलो का तुझ्या डाव्या अंगाला? माझा तोच एक डाव चांगला आहे, आतून हात मारून निसटायचा. तोच एक. तुझं दुखतं म्हणून रोज उजवीकडून येत राहिलो आणि रोज तुझ्या छातीवर आपटत राहिलो.

सेफो: हो.

केन्यन: सगळ्यांसमोर कोच म्हणाले, याला सेफोच्या डावीकडून एकदाही निसटता येत नाही, याला वर मुख्य संघात काय घ्यायचं. पोरं हसली. तू तिथेच होतास. बुटाची नाडी बांधत होतास.

सेफो: होतो.

केन्यन: एक शब्द, सेफो.

सेफो: तो एक शब्द बोललो असतो, तर खांदा उघडा पडला असता.

केन्यन: तेच म्हणतोय मी. तुझा खांदा झाकण्यात माझं वर्ष गेलं. म्हणून मग त्यांनी विचारलं, तुझ्याकडे काय आहे, तर तेवढंच होतं. तुझा खांदा सुटला तेव्हा बाकावरची सगळी उठून ओरडली. मला पाठीवर थापा मारल्या. मी बसूनच राहिलो.

सेफो: दिसलं मला. मी खाली पडलेलो, तुझ्याकडेच तोंड होतं.

लागी: पुरे झालं. दोघांचंही. मी इकडे दोघांसाठी एकच प्रार्थना करत होते, माझ्या दोन्ही पोरांना सांभाळ म्हणून. देवालाही कोड्यात टाकलं मी.

केन्यन: जातो मी, आंटी.

लागी: बस खाली. राग आलाय मला, फार आलाय, आणि तो लवकर जाणार नाही. पण आमच्यात पानात टाकून उठत नाहीत. संपव. मग बघू.

(केन्यनचा फोन वाजतो.)

केन्यन: हां, बोला मिस्टर गिडन्स... आज संध्याकाळी?... चालेल ना... रविवारी कुणाशी आहे त्यांचा?... अच्छा... नाही, अडचण कसली. येतो म्हणून कळवा त्यांना.

लागी: कोण होतं?

केन्यन: एजंट. आणखी एक संघ घेतोय. म्हणाले, खेळवणार आहेत.

सेफो: मागचेही हेच म्हणाले होते. रविवारी कुणाशी आहे त्यांचा?

केन्यन: तुमच्याशी.

लागी: अरे देवा.

केन्यन: मग काय करू? घरी मिसिसिपीला जाऊन भावाच्या दुकानात टायर बदलू? आईने भिंतीवर माझ्यासाठी जागा सोडून ठेवलीय, माझ्या नावाच्या शर्टाची. एक रविवार अंगात घातला, तोही बाकावर. परत मागून घेतला त्यांनी. यावेळी खरंच खेळवतील. खेळवू शकतात ना?

सेफो: खोलीत नेतील आधी. चौघे बसलेले असतील.

केन्यन: सांगेन, मला काही माहीत नाही.

सेफो: एकजण घड्याळ बघेल.

केन्यन: नाही सांगणार, सेफो.

सेफो: माझ्या जागी कोल्बी उभा राहील. त्याचं काय दुखतं, ठाऊक आहे तुला?

केन्यन: कशाला विचारतोस?

सेफो: ठाऊक आहे का?

केन्यन: उजवा गुडघा.

लागी: ते मी बोलले. आत्ता, तुला वाढताना.

केन्यन: आंटी, शपथ—

लागी: ताट आण इकडे. नको संपवूस.