काकांची सुतळी

तुम्हाला सांगते, त्या दिवसाची लाज मला अजून वाटते. इंग्लंडमधल्या लेस्टरच्या काकांना बागकामाच्या धंद्यासाठी मोठा पिकअप घ्यायचा होता. शोरूममध्ये मी सेल्समनशी अमेरिकन गाडी भारी की जपानी, यावर फाडफाड इंग्रजी बोलत होते. काका मात्र गाठ मारलेली सुतळी प्रत्येक गाडीच्या दाराशी धरून पायरीची उंची मोजत होते.

शेवटी मी सगळ्यांसमोर ओरडलेच, "काका, गाडी घेताय की पडदे शिवताय? जरा इंजिन बघा ना!"

"इंजिन तू बघ गं," ते हळूच म्हणाले. "ऑपरेशननंतर तुझ्या काकूचा पाय या गाठीपर्यंतच उचलला जातो. सहा महिने ती घरातच बसलीय."

सेल्समनने मला विचारलं, "काय म्हणाले ते?"

मला एकही इंग्रजी वाक्य सुचेना.