फक्त बघायची परवानगी

सर्व्हरचं नाव माझ्यासमोर काढू नका. आमच्या तहसील ऑफिसातले सगळे कॉम्प्युटर त्याला मीच जोडले. साहेब म्हणाले, "फाइल सगळ्यांना दिसू दे, पण बदल करायचा अधिकार फक्त मला ठेव." ठेवला.

मग वादळ आलं. दिवेआगरची आमची पोफळीची वाडी अख्खी आडवी झाली. सर्व्हरवरच्या नुकसानभरपाईच्या यादीत बघतो, तर वडिलांचं नावच नाही. साहेबांना सांगितलं, तर म्हणाले, "यादी बंद झाली आता. कुलूप तूच लावलंस ना?"

दुसऱ्या दिवशी त्याच यादीत साहेबांच्या मेव्हण्याचं नाव आलं. त्याची एकही पोफळ पडली नव्हती.

वडील अजून विचारतात, "आपलं नाव आलं का रे?"

मी रोज बघतो. तेवढा अधिकार आहे मला.