हुजूर, मजूर आणि बसचा पास

शाळेत मतदान, म्हणून फ्रेयाला सुट्टी! कुत्र्याचा पट्टा धरून ती आईसोबत रांगेत उभी होती. पुढचं म्हातारं जोडपं असं रंगात येऊन भांडत होतं, की तिने फोन सरळ खिशात टाकला.

“हेस्टर, तुझ्या मजूर पक्षाच्या मंत्र्याने मेव्हण्याला कंत्राट दिलं!”

“राजीनामा दिला ना त्याने?”

“पकडला गेल्यावर दिला, बाईसाहेब!”

“तुझे हुजूर पक्षवाले तर पकडल्यावरही देत नाहीत, नॉर्मन. संसदेत धडधडीत खोटं बोलतात आणि खुर्चीला डिंकासारखे चिकटतात. बरं, ओळखपत्र काढ.”

“हे घे.”

“अरे, हे वाचनालयाचं कार्ड! फोटो कुठाय? मतदानाला चालतो तो फोटोवाला बसचा पास घे म्हटलं होतं ना?”

“तो थोरल्याच्या गाडीत राहिला. गाडी गेली लीड्सला.”

“म्हणजे आज तुला मत नाही?”

“नाही. जा, तू टाक. एका मताने का होईना, तुझे मजूर पुढे.”

हेस्टरने आपला पास पर्समध्ये परत ठेवला आणि त्याचा हात धरला.

“चल घरी.”

“अगं, वेडी का तू?”

“चाळीस वर्षं तुझंच मत खोडत आले. आज कोणाचं खोडू?”