कळस येथील भिंतीवरील चित्राबाबत

मी, वृषाली सदाशिव काळभोर, वय ५४ वर्षे, व्यवसाय जुन्या चित्रांचे जतन व संशोधन, रा. बारामती, पोलीस ठाण्यात समक्ष विचारल्यावरून जबाब देते की,

चुन्याच्या भिंतीवरील जुनी चित्रे काजळीतून कशी सोडवावीत, यावर मी नोकरीला लागल्यापासून काम करीत आले आहे. कळस येथील महादेव मंदिरात उन्हाळ्यापासून काम चालू होते. काजळीखाली कडेवर कोकरू घेतलेली एक बाई दिसू लागली होती. मंदिर झाडणाऱ्या ठमाबाई, वय अंदाजे ७०, रोज येऊन तिच्यासमोर बसत आणि आज किती दिसली असे विचारीत.

मी नमुने तपासण्यासाठी पुण्यास गेले होते. काल सकाळी परत आले तेव्हा रंगारी रामहरी पत्र्याने भिंत खरवडत होता. ठमाबाई त्या बाईच्या चित्राला पाठ लावून उभ्या होत्या. देवस्थान समितीचे अध्यक्ष आबासाहेब तेथे हजर होते. मी काम थांबवण्यास सांगितले. ते म्हणाले, "मॅडम, इतकं महिनं भिंत काळीच हाय. जत्रंला पावणं येत्यात, त्यास्नी काय दाखवू?" ते रागाने बोलले नाहीत. काम लवकर उरकले नाही, हे खरे आहे. ते लवकर उरकत नाही, असे मी त्यांना पूर्वीही सांगितले होते.

त्यानंतर आबासाहेबांनी ठमाबाईंना दंडाला धरून बाजूला ओढले. त्या पायरीवरून पडल्या. उजवे मनगट मोडले. मारण्याचा हेतू मला दिसला नाही. ओढताना मात्र मी पाहिले आहे.

मी त्यांना माझ्या गाडीतून इंदापूरला दवाखान्यात नेले. भिंतीजवळ थांबायला दुसरे कोणी नव्हते. प्लास्टर होऊन परत आलो तोवर सगळी भिंत खरवडून पिवळा ऑइलपेंट दिला होता.

ठमाबाई गाडीतून उतरल्या नाहीत. भिंतीला रंग दिला, एवढेच मी त्यांना सांगितले. त्यांनी विचारले, "रंगाखाली असंल न्हवं ती?"

मी असेल म्हणाले.

"मग काढशीला तुमी."

मी हो म्हणाले. खरवडलेल्या भिंतीवर रंगाखाली काही राहत नाही.

माझा जबाब हवालदारांनी मोठ्याने वाचला, मी ऐकला. सांगितला तसाच उतरला आहे. ठमाबाईंचा जबाब घेताना हा त्यांना वाचून दाखवू नये, ही विनंती.