ऐन वेळी सुरू होईल ना?

...आणि वर मलाच विचारतात, "एवढं तपासायची गरज काय होती?" घ्या! माणसाने तपासू नये? नवी वस्तू घरात आणायची, घरादाराचा भरवसा तिच्यावर टाकायचा, आणि ती चालते की नाही हे बघायचंसुद्धा नाही? दुधावर साय आली का म्हणून दहा वेळा झाकण उचलणारी आमची ही मला सांगते, "अहो, ते बॉनेट सारखं उघडू नका!" बरं, ते जाऊ दे. पहिल्यापासून सांगतो, मग तुम्हीच न्याय करा. तुमचा चेहरा समंजस दिसतोय... नाही, तुमचा नाही हो, मागच्या रांगेतल्या बाईंचा.

तर आमची गाडी. जुनी आहे, कबूल. एकदा उठली की दिवसभर कुरकुर न करता पळते, सकाळी उठवतानाच काय ती बोंब! बॅटरीने मान टाकली होती. म्हणजे सरळ गेली असती तर एकदाचं सुतक पाळून मोकळे झालो असतो, पण ही ना धड जिवंत, ना धड मेलेली. किल्ली फिरवली की 'खर्रर्र... खर्र... ख...' आणि मग 'टक्'. आता या 'टक्'वर माझा एक रामबाण उपाय होता. आमची गल्ली आहे उताराची. वरच्या टोकाला शिंप्याचं दुकान. मी रोज गाडी त्याच्या दारात न्यायची, तोंड उताराकडे करायचं, चाकाखाली दगड सारायचा आणि खुशाल घरी जाऊन झोपायचं. सकाळी दगड काढला, दुसरा गिअर टाकला, क्लच दाबून धरला, गाडी घरंगळत खालच्या वळणापाशी आली की क्लच सोडायचा... भुर्रर्र! काय बिघडलं होतं? शिंपी तर गिऱ्हाइकांना पत्तासुद्धा तसाच सांगायचा, "दगड लावलेली गाडी दिसली की तिथेच थांबा."

मग अचानक बॅटरी बदलायचं खूळ कुठून आलं? तर लेक आली! पहिलटकरीण, दिवस भरत आलेले. जावई जहाजावर, तो उगवणार बाळ रांगायला लागल्यावर. म्हणून ती आमच्याकडे. आणि इस्पितळ पार दुसऱ्या टोकाला. तुम्ही म्हणाल, टॅक्सी बोलवा. बोलवा ना! आमच्या गल्लीत टॅक्सीवाला फोनवर "आलोच, आलोच" म्हणतो आणि तसाच 'आलोच' म्हणत कुठल्या कुठे निघून जातो.

आणि खरं सांगू का? बाळंतपणात बापाला काम काय असतं? काही नाही. घरात त्या दोघी सारख्या कसल्यातरी घड्या घालतायत, कुजबुजतायत, खिदळतायत, मी आत गेलो की एकदम गप्प. लेकीच्या कमरेत कळ आली की ती आईचा हात घट्ट धरायची, आणि मी दारात उभा. मला भीती वाटायची हो. पण मी बोलतो कुणाशी? आणि मला विचारतो कोण? एकदा मात्र लेकीने विचारलं. पाय वर घेऊन बसली होती, सुजले होते बिचारीचे, आणि म्हणाली, "बाबा, गाडी ऐन वेळी सुरू होईल ना?"

संपलं! अहो, माझ्या वाट्याला तेवढं एकच खातं आलं होतं. गाडी! मी म्हटलं, "तू निर्धास्त राहा. अशी बॅटरी आणतो की बघत राहशील."

आता बॅटरी आणायची म्हणजे काय, बाजारात जायचं आणि उचलून आणायची. पण आमच्याकडे साधी खिळ्याची पुडी आणायची तरी चार जणांचं मत लागतं. पहिला हजर झाला मेहुणा. हिचा धाकटा भाऊ. याला सगळं मोठंच लागतं. "भावोजी, छोट्यात हात घालूच नका. सरळ ट्रकची बॅटरी बसवा. आयुष्यभर बघायला नको!" म्हटलं, "अरे, पण ती बसणार कुठे?" तर म्हणतो, "मागच्या सीटवर." मागच्या सीटवर? आणि लेकीला काय टपावर बसवू?

मग शिंपी आला. गळ्यात टेप, कानाला पेन्सिल. "थांबा, थांबा, आधी माप घेऊ द्या." बॉनेटमध्ये वाकला, जुन्या बॅटरीची लांबी घेतली, रुंदी घेतली, उंची घेतली, खाकरला आणि मला विचारतो, "घट्ट बसवायची की वाढायला थोडी जागा ठेवू?" आता बॅटरी काय वाढत्या अंगाची असते? पण चेहरा इतका गंभीर, की मीही क्षणभर विचारात पडलो. वर आणि सल्ला, "कापड आणि बॅटरी, दोन्ही हातात धरून बघावी. जड ती अस्सल." म्हणून मी दुकानात गेलो तो सरळ बॅटऱ्या उचलायला लागलो. तिसऱ्या बॅटरीला कमरेत अशी उसण भरली म्हणता... घरी आलो तेव्हा लेक आणि मी, दोघं कमरेवर हात ठेवून सारखेच चालत होतो. ही म्हणते, "आता आधी कुणाला नेऊ?"

दुकानदाराचं तर विचारूच नका. माणूस गोड, पण प्रश्नाचं सरळ उत्तर देईल तर शपथ. मी म्हटलं, "ताजी आहे का?" आठवड्याची भाजी कधी बघून घेतली नाही, पण बॅटरीवर ती कधी बनली हे छापलेलं असतं म्हणे, तेवढं मी पक्कं ऐकून गेलो होतो. "एकदम ताजी, साहेब! हे बघा, नुकतीच निघालीय." म्हटलं, "पाणी कधी घालायचं?" "घालायचंच नाही." "म्हणजे?" "म्हणजे हिला काहीच करावं लागत नाही. इथे वर हा डोळा आहे, हिरवा दिसला की समजायचं ठणठणीत. बसवा आणि विसरून जा." विसरून जा? अहो, मी माझा चष्मा विसरतो, लग्नाचा वाढदिवस विसरतो, पण लेकीचं बाळंतपण तोंडावर आलं असताना बॅटरी कशी विसरू? म्हटलं, "ते सगळं ठीक आहे हो, पण ऐन वेळी सुरू होईल ना?" तर त्याने काउंटरखालून कार्ड काढलं. "साहेब, गॅरंटी आहे. बंद पडली तर बदलून देऊ." इथेच तर घोडं पेंड खातं! बदलून द्याल हो, पण कधी? मी काय लेकीला म्हणू, "बाळ, जरा कळ सोस, मी कार्ड घेऊन दुकानात जाऊन येतो"?

शेवटी घेतली. शिंप्याने टेप लावून मंजूर केली, मेहुण्याने "छोटी आहे, पण बघू" म्हणून नाक मुरडलं, आणि बसवली एकदाची. किल्ली फिरवली... 'भुर्रर्र!' एका झटक्यात! खर्र नाही, टक् नाही. अहो, मला भरून आलं. लेकीने खिडकीतून टाळ्या वाजवल्या. मी तिथल्या तिथे जाहीर केलं, "आजपासून दगड बंद! उताराची लाचारी बंद! गाडी आपल्या दारात लागेल, इतरांच्या लागतात तशी." आणि लावली की! फाटकाच्या आत, सपाट जागेवर, तोंड थेट भिंतीकडे. ही म्हणाली, "अहो, राहू दे की बाळंतपण होईपर्यंत उतारावर. काय बिघडतंय?" म्हटलं, "नवी बॅटरी असताना? लोक काय म्हणतील?"

आणि मग मी तपासायला लागलो.

आता इथे तुम्ही नीट ऐका, कारण सगळा आरोप इथे आहे. मेहुण्याने सांगितलं होतं, "भावोजी, बॅटरी ओळखायची सोपी खूण. इंजिन बंद ठेवून समोरचे दिवे लावायचे. लख्ख राहिले तर बॅटरी दमदार." मग मी सकाळी उठल्यावर दिवे लावून बघायचो. लख्ख! चहा झाल्यावर बघायचो. लख्ख! संध्याकाळी तर मी खुर्चीच टाकायचो गाडीसमोर. दिवे चालू, भिंतीवर असा पिवळाधमक उजेड, आणि मी बघत बसायचो. मनाला इतकं बरं वाटायचं म्हणून सांगू... सगळं ठीक आहे, लेकीचं सुखरूप होणार, ऐन वेळी सुरू होणार. येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारून दाखवायचो. शिंपी यायचा, आम्ही दोघं बसायचो. "काय उजेड आहे!" "आहे की नाही?" "काज घालता येईल या उजेडात." मध्येच बॉनेट उघडून डोळा हिरवा आहे का बघायचा, मध्येच हॉर्न वाजवायचा, वायपर फिरवून बघायचे. आतून ही ओरडायची, "अहो, बंद करा ते दिवे! अती तिथे माती!" मी म्हणायचो, "तुझी बाळुती तू बघ, माझी बॅटरी मी बघतो." तसे शेवटी शेवटी दिवे जरा मंद वाटले मला. पण म्हटलं, माझा चष्म्याचा नंबर वाढला असेल.

आणि तो दिवस उजाडला. भर सकाळी, लोक कामाला निघायच्या वेळेला, आतून हिची हाक आली, "अहोऽऽ गाडी काढा!" मी तयारच! अहो, मी कधीचा बूट घालून जेवत होतो! लेकीला मागे बसवलं, पिशवी ठेवली, छाती पुढे काढून पुढच्या सीटवर बसलो, किल्ली फिरवली...

टक्.

पुन्हा फिरवली. टक्. खर्र असतं तर निदान जुनी ओळख तरी पटली असती, पण नुसतंच टक्. मागे बघायची हिंमत होईना. आरशात लेकीचा चेहरा दिसला, घामाने डबडबलेला. तरी काय म्हणाली पोर? "बाबा... होईल सुरू... घाबरू नका." अहो, कळा तिला आणि धीर मला! मी उतरून बॉनेट उघडलं. डोळा काळा ठिक्कर! दुकानदार म्हणाला होता, विसरून जा. मी नाही विसरलो, म्हणून ही वेळ! याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण.

पण मी ओरडलो मात्र जोरात. "धक्काऽऽ!" आणि सांगतो, माणसं असावीत तर अशी. शिंपी अर्ध्या सदऱ्यावर कात्री टाकून धावला. मेहुणा तोंडात दात घासायचा ब्रश घेऊन आला. रस्त्याने डबे घेऊन निघालेले दोघंतिघं, ना ओळख ना पाळख, डबे कठड्यावर ठेवून बाह्या सरसावून हजर. मी ढकलायला, म्हणून ही स्टिअरिंगवर बसली. गाडी भिंतीपासून मागे घेतली, फाटकातून काढली, तोंड उताराकडे वळवलं. "एक, दोन, हुप्प!" शिंपी ओरडतोय, "सरळ धरा, वहिनी, सरळ! शिवण तिरकी जाते!" मी मागून ओरडतोय, "दुसरा गिअर! क्लच दाब! अजून नको... अजून नको..." आणि आतून ही काय म्हणाली माहितीय? "अहो, गप्प बसा आणि ढकला!" वळण आलं, तिने क्लच सोडला, गाडीने एक गचका खाल्ला, आणि... भुर्रर्र!

सगळे नाचलो. मेहुण्याने ब्रश उडवला. आणि गाडी वळणावरून दिसेनाशी झाली. कारण ही थांबलीच नाही! आणि थांबेल कशी? पुन्हा बंद पडली तर? बाळंतपणाला गाडी गेली, बायको गेली, लेक गेली, आणि गाडीचा मालक गल्लीत उभा, हातात गॅरंटीचं कार्ड.

मेहुण्याने स्कूटर काढली. मी मागे बसलो आणि आपसूक तोंडातून गेलं, "ऐन वेळी सुरू होईल ना?" म्हणतो, "भावोजी, पाया पडतो, हिला तरी विचारू नका!"

इस्पितळात पोहोचलो तर ही बाहेरच्या बाकावर. मी धापा टाकत शेजारी बसलो. हात धरला तिने माझा, घट्ट, लेकीचा धरायची तसा. आणि दाराआडून आवाज आला... "ट्यँऽऽ!" एका झटक्यात! ना खर्र, ना टक्! नर्सबाई बाहेर येऊन म्हणाल्या, "मुलगी झाली. दोघी छान आहेत." मी रडलो. रडलो तर रडलो, त्यात लाजायचं काय? मग हिने पदराने माझे डोळे पुसले आणि पहिलं वाक्य काय बोलली? "आता तुम्हाला कळलं, दिवे का बंद करा म्हणत होते?"

बॅटरी उत्तम निघाली हो. दुकानात चार्ज करून आणली, तेव्हापासून पहिल्या फटक्याला सुरू होते. असं ऐकतो. कारण किल्ली आता हिच्याकडे असते, आणि मला बॉनेटच्या आसपास फिरकायची बंदी आहे. दगड मात्र मी धुऊनपुसून जपून ठेवलाय.

आणि आता नात घरी आलीय. आज दुपारी पाळण्यात गाढ झोपली होती. इतकी गाढ, की मला वाटलं, श्वास चालू आहे ना? घरात कुणी बघत नव्हतं. जास्त काही नाही केलं हो मी, नाकाशी नुसतं बोट धरलं आणि गालाला हळूच एकदा टिचकी... तपासायला म्हणून. सुरू झाली की! एका झटक्यात! कधीची सुरूच आहे, तीन खोल्यांपलीकडे ऐकू जातंय, आणि लेक, आजी, दोघी कमरेवर हात ठेवून माझ्याकडे बघतायत.

सुरू कशी करायची ते मला पक्कं कळलंय हो... बंद कशी करायची, तेवढं तुमच्यापैकी कुणाला माहीत आहे का?