कपाटातली कुरकुर

दातांच्या दवाखान्यात शिंपीकाका सुजलेल्या गालाला रुमाल लावून बसले होते. शेजारच्या आत्या-भाचीचं बोलणं आपसूक कानावर पडत होतं.

“आत्या, कपाटातलं भूत काल परत कुरकुरलं.”

“मग तू काय केलंस?”

“खिडकी लावली, तर गप्प. उघडली, की परत सुरू.”

“म्हणजे भूत कोण?”

“वारा! आणि गंजकी बिजागरी!”

“शाब्बास गं वाघिणी! कुणी काहीही सांगितलं, तरी आधी काय विचारायचं?”

“तुला कसं कळलं?”

“अस्सं! चल, आपला नंबर आला. दात काढताना अजिबात दुखत नाही हं.”

“तुला कसं कळलं?”

“...दुखतं गं थोडं. पण मी हात धरून उभी राहीन.”

“हे मात्र पटलं. चल.”

शिंपीकाकांनी हळूच घरी फोन लावला.

“अगं, जरा इकडे येतेस का?”