लाईट आत्तेच गयी

(पारोळ्याजवळच्या गावात. रूपासाठी सांगून आलेल्या नवलचं घर पाहून तिघं नुकतीच परतली आहेत : उखर्डूआबा, त्यांची बायको कमलबाई आणि नात रूपा.)

आबा : नही म्हणजे नही. नवल पोऱ्या चांगला शे, वावर बी चांगलं शे. पन ज्या घरमा सांजले लाईट टिकत नही, तठे आमनी पोर देवानी नही.

रूपा : हे तुम्हाला कोणी सांगितलं, आबा?

आबा : त्यानीच. चहा पेता पेता. "आमच्याकडे संध्याकाळी लाईट जाते, परत कधी येईल भरवसा नाही." पोरीवाल्यासले आसं कोनी सांगस का?

रूपा : मला तर तेच आवडलं.

आबा : येडा शे तो. अन तू बी.

कमलबाई : मंग तुम्ही काय सांगेल व्हतं, मना बापले?

आबा : ते कसाले काढस आता?

रूपा : काय, काय? आजी, सांग ना.

कमलबाई : बस आठे. कंदीलनी काच पुशी पुशी मना हात काळा व्हयेत, ते मना बापले देखवे नही. पोरले लाईटनंच घर पाहिजे, आसा हट्ट. आठे उना तं मधल्या घरमा बल्ब टांगेल. भितवर बटन. त्यानी दाबं. काहीच नही. मना सासरा बोलना, "अरे, लाईट आत्तेच गयी."

रूपा : मग त्यात काय? जातेच की.

कमलबाई : बाई, गावमा तव्हय खांब बी नव्हता.

रूपा : आबा, खांबच नव्हता?

आबा : येनार व्हता ना. अर्ज धुळाले देयेल व्हता. बल्ब मी सोता जळगाववरतून आना, मांडीवर ठेयीसन. आधी तयारी नको का?

रूपा : आणि आजी, तुला कधी कळलं?

कमलबाई : लगन झायं तरी बरेच दिन नही. मी रोज सासूले इचारू, "आज येईन का?" ती म्हने, "येईन." माले वाटे, काही मोठा बिघाड शे. एक दिन शेजारीन पोट धरी धरी हासनी, तव्हय समजनं.

रूपा : भांडली असशील चांगली.

कमलबाई : अंधारासाठे कसाले भांडू? अंधारनी तं माले सवयच व्हती. पन बाप भेटाले ये, अन दरखेपले इचारे, "लाईट कशी शे व माय?" मी सांगू, "भारी शे, दादा." तो इतला खूश व्हये. ते मना जिवले लागे.

रूपा : नंतर आली तेव्हा पाहिली ना त्यांनी?

कमलबाई : खांब उनात तव्हय तो नव्हता.

आबा : ...हाई तू माले कधीच सांगं नही.

कमलबाई : तुम्ही कधी इचारं नही.

आबा : रूपा, त्या पोऱ्याना नंबर शे का तुनाजोडे?

रूपा : आहे. काय सांगू त्याला?

आबा : तू नको. फोन लायीसन माले दे. घर पसंत शे, आसं मीच सांगसू.